शब्दचर्चा : पॅकेजचं ‘रूपांतर’ होतं का?

प्रश्न, जळगाव : ऑफिससाठी लिनक्सची मदतपुस्तिका लिहितोय. एक वाक्य आहे, ‘आरपीएम फाइलचं डेबमध्ये रूपांतर करा.’ फेडोरा आणि डेबियन हे लिनक्सचे दोन प्रकार; प्रोग्रॅम बांधून देणारी फाइल, म्हणजे पॅकेज, फेडोरावर आरपीएम असते, डेबियनवर डेब. फेडोरासाठी बांधलेला प्रोग्रॅम डेबियनवर चढवायचा तर आम्ही एलियन हे पॅकेज बदलून देणारं साधन वापरतो. पण आतला प्रोग्रॅम जसाच्या तसा राहतो, मग रूप पालटलं कुणाचं? दुसरा शब्द सुचवा.

धुळे : बारदान बदलणे. वडील बाजार समितीत मापाडी होते. फाटक्या गोणीतला माल दुसऱ्या गोणीत ओतला की ‘बारदान बदललं’ म्हणायचे. तूर ती तूरच राहते. रूपांतर म्हणजे तुरीची डाळ करणं, तुमच्याच गावच्या डाळ मिलचं काम. सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम, घेऊन कंपाइल कराल, म्हणजे यंत्राला चालेल असा कराल, तेव्हा तो शब्द खुशाल वापरा.

चाळीसगाव : ट्रान्सपोर्टवाले ‘माल पलटी’ म्हणतात. पण कॉम्प्युटर पलटी म्हटलं तर साहेब धावत येतील.

भुसावळ : बारदान झकास आहे भो, पण अर्धंच. गोणीला चिठ्ठीही असते ना! डेब फाइल उघडून बघा. डेबच्या साच्याची आवृत्ती सांगणारी एक छोटी फाइल, कंट्रोलचा गठ्ठा आणि डेटाचा गठ्ठा. डेटा ओतता येतो, कंट्रोल म्हणजे चिठ्ठी, ती नव्याने लिहावी लागते. तोच प्रोसेसर आरपीएमच्या नावात ‘एक्स८६_६४’ असतो, डेबच्या नावात ‘एएमडी६४’. प्रोग्रॅमला लागणाऱ्या तयार कोडच्या, म्हणजे लायब्ऱ्यांच्या, पॅकेजांचीही दोन्हीकडे नावं वेगळी.

मागे एका प्रिंटरचा ड्रायव्हर फक्त आरपीएममध्ये मिळाला. एलियनने मुकाट्याने डेब करून दिलं, रिलीजचा आकडा १ चा २ केला, इन्स्टॉलही झालं. प्रिंटर मात्र ढिम्म. दुपार गेल्यावर कळलं, इन्स्टॉलनंतर आपोआप चालायची स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, आलीच नव्हती. सांगितल्याशिवाय एलियन स्क्रिप्ट्स घेत नाही, ‘--स्क्रिप्ट्स’ लिहावं लागतं. तेव्हा नुसतं बारदान म्हणाल तर वाचणारा फसेल.

धुळे : मान्य. ‘बारदान-चिठ्ठी बदलणे’ म्हणा मग.

नंदुरबार : शब्द कोणताही ठेवा, सी लायब्ररी (बहुतेक प्रोग्रॅम जिच्यावर चालतात) किंवा इनिट (लिनक्स सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) अशा पायाच्या पॅकेजला हे करू नका, हे ठळक लिहा. एलियनच्या मदतपानावरही तेच बजावलंय.

जळगाव : वाक्य असं केलं : ‘आरपीएमचं बारदान बदलून डेब करा. चिठ्ठी तपासा. स्क्रिप्ट्स हव्या असतील तर तसं सांगा.’ शेजारच्या मॅडमना आवडलं. पुण्याच्या शाखेतून मात्र फोन आला, बारदान कुठून डाउनलोड करायचं?