ऱ्हाइन फायरचं २०२३

ऱ्हाइन फायर या जर्मनीतल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा युरोपियन लीग ऑफ फुटबॉलमधला २०२३ चा मोसम म्हणजे एकतर्फी मारामारी, असं म्हणतात. आकडे बघितले तर खरंच आहे: साखळीत बाराच्या बारा सामने जिंकले, मग २४ सप्टेंबरला डुइसबुर्गला, म्हणजे स्वतःच्याच अंगणात, अंतिम सामन्यात श्टुटगार्ट सर्जला ५३-३४ ने लोळवलं. पण मला त्यात दोन गोष्टी जास्त भावतात. एक म्हणजे प्रशिक्षक जिम टॉमसुला. हा गडी २००६ मध्ये, एनएफएल युरोपच्या (अमेरिकेतल्या एनएफएल या व्यावसायिक लीगच्या तेव्हाच्या युरोपीय शाखेच्या) काळातल्या जुन्या ऱ्हाइन फायरचाही प्रशिक्षक होता. मधे २०१५ ला एनएफएलमधल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाचं मुख्य प्रशिक्षकपद एकाच मोसमात गेलं, आणि स्वारी परत ऱ्हाइनकाठी! दुसरं, हरलेला संघ. श्टुटगार्टला २०२२ मध्ये एकही सामना जिंकता आला नव्हता. मग श्वेबिश हालच्या संघातून जॉर्डन न्यूमन प्रशिक्षक म्हणून आले आणि वर्षभरात पोरं थेट अंतिम फेरीत. अजिंक्यपद फायरचंच, वादच नाही (२०२४ लाही व्हिएन्ना व्हायकिंग्जना हरवून त्यांनीच नेलं), पण त्या वर्षीची खरी कमाल मी श्टुटगार्टच्या खात्यात टाकेन.