सातवीच्या मुलांना इंग्रजी गोष्टीतला संघर्ष कसा उलगडून दाखवावा?

प्रश्न : गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील शिक्षिका

नमस्कार. मी सातवीला इंग्रजी शिकवते. माझी बहुतेक मुले चौथीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पाचवीपासून इंग्रजी माध्यमात आली आहेत आणि घरी कोंकणी किंवा मराठी बोलतात. गेल्या आठवड्यात मी स्वतः रचलेली एक छोटी इंग्रजी गोष्ट त्यांना वाचायला दिली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका मुलीला पैशांचे पाकीट सापडते. फुटबॉलचे बूट घेण्यासाठी तिला नेमके तेवढेच पैसे हवे असतात, पण पाकिटात एका म्हातारीचा फोटो असतो. यात ‘कॉन्फ्लिक्ट’ कोणता, असे विचारल्यावर मुलांनी एकमुखाने सांगितले की येथे कुणी कुणाशी भांडतच नाही. व्यक्ती विरुद्ध व्यक्ती, स्वतः, निसर्ग आणि समाज हे चारही प्रकार त्यांना तोंडपाठ आहेत, तरीही असे का व्हावे?

उत्तर : फोंड्याहून एक शिक्षक

बाई, प्रकार आधी पाठ झाले, हीच अडचण आहे असे मला वाटते. ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हटले की मुलांना भांडण आठवते आणि ‘संघर्ष’ म्हटले की मोर्चा. हे दोन्ही शब्द काही दिवस बाजूला ठेवावेत आणि दोनच प्रश्न विचारावेत : हिला काय हवे आहे, आणि आडवे काय येते? मग ‘समबडी वॉन्टेड, बट, सो’ हा वाक्याचा साचा द्यावा. येथे एक भाषिक अडचण येते, तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. आपण ‘तिला हवे होते’ म्हणतो, कोंकणीत ‘तिका जाय’ म्हणतात. इंग्रजीत मात्र ‘शी’ थेट कर्ता होते. त्यामुळे मुले ‘हर वॉन्टेड’ लिहितात, आणि शिक्षकाला वाटते की त्यांना गोष्टच कळलेली नाही. आशय समजला आहे की नाही आणि वाक्य बरोबर आहे की नाही, हे वेगवेगळे तपासावे.

उत्तर : पेडण्याहून

आमच्याकडची मुले जत्रेत रात्र रात्र जागून दशावतार पाहतात, आणि हरिश्चंद्राची कथाही त्यांना ठाऊक असते. स्मशानात तारामतीकडे स्वतःच्याच मुलाच्या दहनाचे शुल्क मागताना हरिश्चंद्राशी कुणी भांडत नसते. एकीकडे बापाचे काळीज आणि दुसरीकडे मालकाने नेमून दिलेले काम, असे दोन्ही त्याच्या आतच असते. हा प्रसंग मी आधी मराठीत बोलून घेतो. मुले इतके खोलवर बोलतात की त्यांना ‘कच्ची’ म्हणणाऱ्यांनी एकदा तरी तो तास ऐकावा. नंतर तेच प्रश्न घेऊन आम्ही इंग्रजी गोष्टीकडे वळतो.

उत्तर : डिचोलीतील शिक्षिका

वरील मताशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु सगळी चर्चा मराठीतच पार पडली तर लिहिताना इंग्रजी शब्द हाताशी नसतात, हा माझा अनुभव आहे. म्हणून मी मुलांना गोष्टीतील ‘बट’, ‘ऑल्दो’, ‘हाउएव्हर’ यांच्याखाली पेन्सिलने रेघ मारायला लावते, कारण इच्छा आणि अडथळा पुष्कळदा अशाच शब्दांच्या दोन बाजूंना सापडतात. ‘हेझिटेटेड’, ‘रिफ्यूज्ड’ यांसारखी क्रियापदे फळ्यावर शेवटपर्यंत राहू द्यावीत. आणि प्रत्येक उत्तरानंतर ‘हे गोष्टीत कोणत्या ओळीवरून कळले?’ असे विचारावेच. त्यावाचून विश्लेषण होत नाही, केवळ अंदाज होतो.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. काल दोन प्रश्नांपासून सुरुवात केली आणि प्रकारांची नावे शेवटच्या दहा मिनिटांत घेतली. एरवी गप्प बसणाऱ्या एका मुलीने लिहिले, ‘शी वॉन्टेड द बूट्स, बट द ओल्ड वुमन वॉज लुकिंग अ‍ॅट हर फ्रॉम द फोटो.’ एका मुलाने मात्र हा संघर्ष समाजाशी आहे असे ठामपणे मांडले, कारण घरची परिस्थिती चांगली असती तर प्रश्नच उभा राहिला नसता. त्याने बापाच्या रिकाम्या खिशाची ओळ बोट ठेवून दाखवली, म्हणून मी दोघांचीही उत्तरे ग्राह्य धरली. उद्या त्या दोघांना एकमेकांची उत्तरे वाचायला देणार आहे.