18 लाख मिळणार, पण कुठले रुपये?

(सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा; नावांच्या जागी फ्लॅटचे क्रमांक आहेत.)

ए-203: नमस्कार. विमा एजंटने एका पॉलिसीचा तक्ता पाठवलाय. वर्षाला 50,000 हप्ता, 20 वर्षं, शेवटी बोनस धरून 18 लाख. 10 लाख भरून 18 मिळतात. जाणकारांनी सांगा, घ्यावी का?

बी-304: वहिनी, 10 आणि 18 शेजारी ठेवू नका. पहिला हप्ता 20 वर्षं अडकतो, शेवटचा एकच वर्ष. आधी परताव्याचा वार्षिक दर काढा. एक्सेलमध्ये रेट (RATE) हे फंक्शन घ्या. क्रमाने भरा: 20, उणे 50000, 0, 1800000, 1. उत्तर येतं 5.3 टक्के. शेवटचा 1 विसरलात तर हप्ता वर्षअखेरीस भरला असं धरून 5.8 दाखवतं. विम्याचा हप्ता वर्षाच्या सुरुवातीलाच जातो, त्यामुळे तो 1 हवाच. हप्त्याआधीचं उणे चिन्ह टाकायचं राहिलं तर उत्तरच येत नाही.

सी-102: आणि वहिनी, तक्त्यात 4 टक्के आणि 8 टक्के अशा गृहीत परताव्यांचे दोन रकाने असतील. 18 लाख कुठल्या रकान्यातले ते बघा. 8 च्या काय, 4 च्या रकान्यातले असले तरी ती हमी नाही. हमीची रक्कम वेगळी छापलेली असते, दर तिच्यावरही काढा.

ए-203: 5.3 म्हणजे वाईट आहे का?

सी-102: महागाई किती धरता त्यावर आहे. 5 टक्के धरू. 20 वर्षांत 1.05 चा गुणाकार 2.65 होतो, म्हणजे 18 लाखांची आजची किंमत 6.78 लाख. इथे बरेच जण 10 लाखांतून 6.78 वजा करून सव्वातीन लाख बुडाले म्हणतात, तेही चूक. हप्तेसुद्धा दरवर्षी स्वस्त होत जाणाऱ्या रुपयांत भरतो आपण. सगळे 20 हप्ते आजच्या रुपयांत आणले की 6.54 लाख होतात. म्हणजे 6.54 भरून 6.78. 20 वर्षांची खरी वाढ 24 हजार. महागाई 6 टक्के धरली तर 6.08 भरून 5.61 परत, म्हणजे 47 हजार खिशातून गेले. विम्याचं संरक्षण हवं असेल तर टर्म प्लॅनचा (नुसतं संरक्षण, शेवटी पैसे परत नाहीत) हप्ता आधी विचारून घ्या, उरलेल्या पैशांचं काय करायचं तो वेगळा प्रश्न.

ए-203: मग बँकेची एफडी बरी? 7 टक्के मिळताहेत.

बी-304: कोणाच्या नावावर, ते सांगा. 30 टक्क्यांच्या टप्प्यात सेससकट 31.2 टक्के कर जातो, 7 चे 4.8 उरतात. 5 टक्के महागाईत ते उणेच. 20 च्या टप्प्यात साडेपाच उरतात. कर लागतच नसेल तर 1.07 ला 1.05 ने भागा, खरा परतावा 1.9 टक्के. तीच पावती, तीच बँक, तीन घरांत तीन उत्तरं. कर आधी आणि महागाई नंतर, हा क्रम कधी उलटवू नका. महागाईने खाल्लेल्या व्याजावरही कर पूर्ण भरावा लागतो.

आणि नुसता दर बघून वर्ष चांगलं की वाईट ठरवू नका. 2010 मध्ये औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाने महागाई 12 टक्क्यांच्या आसपास होती, तेव्हा पीपीएफला 8 टक्के मिळूनही पैसा आटत होता. ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाई 0.25 टक्के नोंदली गेली. त्या वेळी पीपीएफला 7.1 टक्के मिळणं फार मोठी गोष्ट होती.

डी-501: आमच्यासारख्या निवृत्तांनी काय करायचं? ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत मर्यादेएवढे पूर्ण 30 लाख ठेवले तर 8.2 ने तिमाहीला 61,500 येतात.

सी-102: काका, योजना चांगलीच आहे, पण ते सगळे 61,500 खर्चाचे समजू नका. वर्षाचं व्याज 2,46,000. 5 टक्के महागाईत 30 लाखांची ताकद टिकवायला पहिल्याच वर्षी 1,50,000 बाजूला टाकावे लागतात. खर्चायला उरले 96,000, महिन्याला 8,000. कर धरलाच नाही अजून. सगळं खर्चून टाकलं तर 5 वर्षांनी हातात येणाऱ्या 30 लाखांत आजचा साडेतेवीस लाखांचाच माल येईल. आणि व्याज 5 वर्षं तेवढंच राहतं, 61,500 तेव्हा आजच्या 48,000 सारखे लागतील. सरकारी पेन्शनला महागाई भत्ता असतो. पीएफ खातेदारांच्या पेन्शनला, म्हणजे ईपीएस-95 ला, नाही, म्हणूनच सप्टेंबर 2014 मध्ये ठरलेले किमान 1,000 त्या लोकांना इतके बोचतात.

बी-601: एसआयपीच्या (म्युच्युअल फंडातल्या मासिक हप्त्याच्या) कॅल्क्युलेटरवर महिना 10,000, 25 वर्षं, 12 टक्के टाकले की 1 कोटी 90 लाख दाखवतं.

बी-304: 6 टक्के महागाईने भाग, आजचे 44 लाख. 12 टक्के हे गृहीतक आहे, फंडाचं वचन नव्हे. त्यात 12 मधून 6 वजा करून 6 धरतात, ते चूक. 1.12 भागिले 1.06, म्हणजे 5.66. फरक छोटा वाटतो, पण एकरकमी 1 लाखाचे 25 वर्षांत 4.29 लाख होतील असं धरलं तर प्रत्यक्षात 3.96 होतात. याहून मोठी चूक म्हणजे हप्ता तोच ठेवणं. 25 व्या वर्षीचे 10,000 आजच्या 2,470 एवढेच. पगारवाढीच्या महिन्यात हप्ता 6 टक्क्यांनी वाढव, निदान त्याची ताकद तरी तेवढीच राहील.

बी-601: पण 5 धरायचे की 6?

सी-102: सरकारी आकडा सगळ्या देशाच्या टोपलीचा, म्हणजे सरासरी घरखर्चाचा. 2012 आधारवर्षाच्या मालिकेत अन्न आणि पेयं 45.86 टक्के होती, आरोग्य 5.89, शिक्षण 4.46. ज्या घरात फी आणि मेडिक्लेम हेच मोठे खर्च, तिथे भाजी स्वस्त झाल्याने आकडा उतरला तरी तुमचा खर्च उतरत नाही. 3 वर्षांच्या फीच्या पावत्या आणि मेडिक्लेमचे हप्ते काढ, त्यांचा दर स्वतंत्र काढ. घरखर्चाला एक दर, शिक्षणाला दुसरा. सगळ्याला एकच लावला की शिक्षणाचा निधी हमखास कमी पडतो.

बी-304: हाच हिशेब सोसायटीलाही लावा. उपविधींत सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी) फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के आहे, आणि तो खर्च इमारत बांधली तेव्हाचा. 8 लाखांवर 2,000. 20 वर्षांनीही 2,000 च, 5 टक्क्यांनी त्याची ताकद 754. प्लास्टरचा आणि लिफ्टचा भाव मात्र त्या दिवशीचा लागणार. उपविधीत ‘किमान’ म्हटलंय, सर्वसाधारण सभेला वाढवता येतो.

सचिव: सर्वसाधारण सभेत विषय घेतो. नोटीस 14 पूर्ण दिवस आधी लावावी लागते, तेव्हा ठरावाचा मसुदा रविवारपर्यंत द्या. सोसायटीच्या ठेवींच्या मुदती आणि दर मी आज रात्री टाकतो.