परदेशी जाताना तुम्हाला कशाने अडवलं?

कोथरूडची:
भाची जर्मनीला मास्टर्सला निघाल्ये. काल तिची फाइल लावायला बसले आणि २०१६ मधलं आमचं कॅनडाचं सगळं वर आलं. डिग्री माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, लग्नाच्या दाखल्यावर तिसरंच. प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात नावबदल. खिडकीतल्या माणसाने मार्कशीट उलटसुलट करून विचारलं, "या बाई कोण?" मी समोरच उभी. घसा दाटून आला होता. वर डब्ल्यूईएसला (कॅनडासाठी आपली डिग्री तपासून देणारी संस्था) ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या मार्कांचा उतारा, विद्यापीठाच्या सीलबंद पाकिटातच हवं, म्हणून गणेशखिंडला खेटे. तुमचे अनुभव लिहा ना, या मुलांना उपयोग होईल.

मुळाकाठ:
पैसे! जर्मन व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं ते ब्लॉक्ड अकाउंट, त्याला आता वर्षाचे ११,९०४ युरो लागतात आणि तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ च सुटतात. बाबांनी लोनसाठी राहता फ्लॅट तारण ठेवला. सही करताना पेन टेकवून क्षणभर थांबले होते, ते अजून दिसतं. भाचीचं एपीएस (आपली डिग्री-मार्कशीट खरी असल्याचं जर्मन दूतावासाकडचं प्रमाणपत्र) झालं का? नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, त्याशिवाय व्हिसाचं पुढे सरकत नाही.

कोथरूडची:
झालं, परवाच आलं. बाबांना नमस्कार सांग रे.

रातराणी:
मी नर्स. जर्मन भाषेची बी-टू पातळी झाल्याशिवाय तिकडे पूर्ण मान्यता नाही. नाइट संपवून थेट बोट क्लब रोड, मॅक्समुल्लर भवन, जर्मनच्या क्लासला. परीक्षा निघाली, पण तिकडे गेल्यावर वॉर्डातल्या आजोबांची बव्हेरियन बोली डोक्यावरून जायची. रोज रडायचे. मग एका पेशंट आजींनीच एकेक वाक्य सावकाश बोलून शिकवलं. फार जीव लावला त्यांनी. मुलगी उठली, नंतर लिहिते

पर्वतीपायथा:
रातराणी, सकाळची बॅच? मागचा बाक, हिरवी ओढणी??

रातराणी:
अगं हो!! पॅटिस आणणारी तू?

पर्वतीपायथा:
मीच 😄 व्यनि बघ.

थंडीवारा:
जर्मनीत पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो. माझं नाव लावलेलं नव्हतं, बँकेच्या पिनचं पत्र परत गेलं. घर नाही तर आन्मेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) नाही, आणि घरमालकाला आधी पगाराच्या स्लिपा हव्यात. नवा माणूस त्या कुठून आणणार? भाचीला म्हणावं पोचल्या दिवशी पेटीवर नाव चिकटव. आपलं लायसन्सही तिथे सहाच महिने चालतं.

वारजेकर:
माझा यूकेचा व्हिसा राहिला. पैसे खात्यात सलग २८ दिवस हवेत. मधेच आजोबांचं ऑपरेशन निघालं, काढले. पुन्हा अर्ज नाही भरला. आजोबा आहेत, रोज गणपतीला जातात चालत.

मुळाकाठ:
दादा 🙏 योग्य केलंत.

चिंचवडची सून:
आम्ही टोरांटोला, आईंसाठी सुपर व्हिसा (आई-वडिलांना जास्त काळ राहता येतं तो) केला. यांच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव 'बेबी', पासपोर्टवर शकुंतला! जन्मतारीख १ जून, आमच्याकडे तीन आत्यांचीही तीच, शाळेत गुरुजींनी घातलेली. नातं सिद्ध करायला किती कागद जोडले. व्हिसा आला तेव्हा आईंनी देवापुढे साखर ठेवली. एका वेळी पाच वर्षं राहता येतं आता.

थंडीवारा:
ताई, विम्याचं काय केलंत? माझ्या आईला बीपी आहे.

चिंचवडची सून:
किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचं कव्हर लागतं. बीपी असेल तर पॉलिसीत 'स्टेबल' किती महिने हवं ते आधी वाचा, त्या काळात गोळीचा डोस बदलला तरी क्लेम अडू शकतो. डॉक्टरांचं पत्र घेऊन ठेवा.