पोलिसांच्या डीबीतून (गुन्हे शोध पथकातून) सायबरला बदली झाली, २३ वर्षांच्या नोकरीनंतर. कुठून सुरुवात करू?

नागपुरी_हवालदार:
नमस्कार मंडळी. नागपूर शहर दलात २३ वर्षं झाली, त्यातली १४ डीबी पथकात. सीताबर्डीच्या गर्दीत पाकीटमार चालण्यावरून ओळखतो. घरफोडीची पद्धत पाहिली की दोन-तीन नावं लगेच डोळ्यापुढे येतात. गेल्या सोमवारी सायबरला हजर झालो. इथली पोरं माझ्या लेकाच्या वयाची, पण कामात भलती तयार.

परवा नंदनवनचे एक निवृत्त गुरुजी आले. ‘डिजिटल अरेस्ट’च्या (फोनवर खोटा पोलीस बनून अटकेची भीती घालतात, त्या) धाकानं ५ लाख पाठवून बसलेले. पिशवीतून पासबुक काढताना हात कापत होता. आमच्या पोरानं स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, “यूटीआर नंबर सांगा.” त्यांना तो शब्दच कळेना. मी पाणी दिलं, जवळ बसलो, पण पासबुकात तो नंबर कुठला ते मलाही सापडेना. रात्री झोप लागली नाही राजेहो. परत ठाण्यात जायचा अर्ज करू का?

सायबर_शिपाई_विदर्भ:
दादा, अर्ज नका करू. यूटीआर म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, बहुतेक वेळा पासबुकात तपशिलाच्या रकान्यातच छापलेला असतो. दोन दिवसांत सवय होते.

इथे आरोपीच्या आधी पैशामागे धावायचं. तक्रारदार आला की पहिले १९३० या सायबर हेल्पलाइनला नोंद झाली का बघा. पैसे तासाभरात चार-पाच खात्यांत फुटतात, म्हणून होल्ड, म्हणजे बँकेनं ती रक्कम गोठवणं, लवकर लागला पाहिजे. कलमं तुमची जुनीच आहेत: सीआरपीसी ९१ ची माहिती मागवायची नोटीस आता बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला नवा कायदा) ९४, १०२ ची जप्ती १०६. होल्डमधले मोठे पैसे परत द्यायला सहसा कोर्टाचा आदेश, जुनं ४५७, आता ५०३.

आणि गुरुजींजवळ बसलात ना, ते आम्हाला जमत नाही. आमच्याकडे एक बाई ४० हजार गेले म्हणाल्या. आमचे एएसआय (सहायक फौजदार) काका त्यांच्याशी अर्धा तास घरचं बोलत बसले, तेव्हा कळलं की नवऱ्याला न सांगता दुसऱ्या खात्यातूनही सव्वादोन लाख पाठवलेत. तेच पैसे होल्डला सापडले. माणसं लाजेपायी लपवतात दादा.

निवृत्त_फौजदार:
वरच्या शिपाई ताईचं बरोबर. शिवाय आयटी ॲक्टच्या कलम ७८ नुसार तपास पीआय (पोलीस निरीक्षक) किंवा त्यावरचा अधिकारीच करतो, त्यामुळे सगळा भार तुमच्यावर नाही. पण पैसे ज्या खात्यात गेले ते कोणाच्या तरी नावावर असतंच. बऱ्याचदा पाच-दहा हजारांसाठी पासबुक, एटीएम कार्ड, सिम दुसऱ्याच्या हातात देणारा एखादा पोरगा निघतो. केवायसीवरच्या पत्त्यावर तो राहत नसतो. त्याला शोधायचं कसं, हे डीबीवाल्याला शिकवावं लागतं का? तिथे तुमचे खबरीच कामी येतील.

फक्त मोबाईल जप्त करताना जपा. व्हिडिओ चित्रीकरण बीएनएसएस १०५ प्रमाणे, आणि नव्या साक्ष्य अधिनियमाचं ६३(४) चं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसकट (डेटा बदलला नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा). जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५ब च्या नमुन्यावर विसंबू नका.

नागपुरी_हवालदार:
ताई, साहेब, मनापासून आभार. अर्ज करत नाही. गुरुजींना आत्ताच फोन लावला, उद्या ११ वाजता बोलावलं आहे. दुसऱ्या खात्यातून काही पाठवलं का, हे विचारायचंच राहिलं होतं. मी विचारल्यावर ते बराच वेळ गप्प होते.