मदत हवी आहे: इकॉनॉमिक्स आणि बिझनेस दोन्ही घेतलं तर चालतं का? उद्या ११ वाजता सांगायचंय

केतकी_बी | २१ ऑगस्ट २०२५, दुपारी १२:१८
नमस्कार. मुलाचा रिझल्ट आज सकाळी लागला. उद्या ११ वाजता सिक्स्थ फॉर्म कॉलेजात एनरोलमेंट आहे, तिथे तीन विषय सांगायचे. त्याला इकॉनॉमिक्स आणि बिझनेस दोन्ही घ्यायचेत, तिसरा जिऑग्राफी. नवरा म्हणतो हा एकच विषय दोनदा घेण्याचा प्रकार आहे, युनिव्हर्सिटीवाले हसतील. ऑफिसातली एक जण म्हणते तिच्या मुलीने दोन्ही घेतले होते, काही बिघडलं नाही. नक्की काय ते सांगा. "मुलाच्या कलाने घ्या" हे कृपया लिहू नका, ते मला कळतं. घाई आहे.

बंडोपंत | दुपारी १२:४०
यात विचारण्यासारखं काय आहे ते समजलं नाही. अकरावी कॉमर्सला इको आणि ओसी (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स) दोन्ही असतातच. प्रश्न एवढाच असतो की मॅथ्स घ्यायचं की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस). आमच्या धाकट्याने एसपी घेतलं आणि पुढे पस्तावला. बुककीपिंगकडे मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष द्या, जर्नल एन्ट्री पक्की झाली की बाकी सगळं आपोआप येतं.

स्कॉटिश_पोहे | दुपारी १२:५५
माझ्या दोन्ही मुलींनी एडिनबराला हायर्स (स्कॉटलंडची शाळा-अखेरची परीक्षा) केले. एस५ ला (शेवटून दुसऱ्या वर्षी) पाच विषय घ्या. बिझनेस मॅनेजमेंट आणि इकॉनॉमिक्स दोन्ही घेऊनही इंग्लिश, मॅथ्स आणि आणखी एकाला जागा उरते. तीन विषयांत स्वतःला कोंडून घेण्याची ही पद्धतच मला पटत नाही. एस६ ला अ‍ॅडव्हान्स्ड हायर करता येतं.

केतकी_बी | दुपारी १:०२
अहो, इंग्लंड! रेडिंगजवळ. ए लेव्हल, म्हणजे शाळेची शेवटची दोन वर्षं. सिक्स्थ फॉर्म लिहिलंय ना वर.
बंडोपंत काका, अकरावीचाच वर्ग आहे पण इथे बुककीपिंग नाहीये.

बंडोपंत | दुपारी १:१०
बुककीपिंग नाही आणि कॉमर्स म्हणतात? कमाल आहे.

खडूस_क्वांट | दुपारी १:२५
एका ओळीत उत्तर: मॅथ्स घ्या. एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) असो वा केंब्रिज, इकॉनॉमिक्सच्या पदवीला ए लेव्हल मॅथ्स सक्तीचं आहे. ए लेव्हल इकॉनॉमिक्स दोन्हीकडे सक्तीचं नाही. म्हणजे ज्या विषयाची पदवी करायची तो नसला तरी चालतो, गणित नसलं तर अर्जाला अर्थ नाही. जो मुलगा इकॉनॉमिक्स + बिझनेस + जिऑग्राफी घेतो त्याने हे दरवाजे सोळाव्या वर्षी स्वतःच्या हाताने बंद केले. मी तेरा वर्षं सिटीत (लंडनच्या बँकांच्या भागात) आहे, बिझनेस ए लेव्हलवाला एकही माझ्या टीममध्ये नाही.

मास्तरीण | दुपारी १:४८
मी नऊ वर्षं सिक्स्थ फॉर्ममध्ये इकॉनॉमिक्स शिकवतेय, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते. पण आधी केतकीताई, हे सांगा: मॅथ्सला ग्रेड किती? इंग्लिश लँग्वेजला किती? जीसीएसईला (इथल्या दहावीला) बिझनेस होता का? आणि कॉलेज कोणत्या बोर्डाचं इकॉनॉमिक्स शिकवतं? याशिवाय सल्ला देणं म्हणजे पेशंट न बघता गोळी देणं.

खडूस, तुमच्या टीममध्ये कोण आहे यावरून देशाची अर्थव्यवस्था चालत नाही. मॅथ्सशिवाय इकॉनॉमिक्स देणारी विद्यापीठंही आहेत. आणि मुलाला पदवी इकॉनॉमिक्सचीच करायची आहे हे ताईंनी कुठे म्हटलंय?

खडूस_क्वांट | दुपारी १:५६
म्हटलं नाही, पण आपल्याकडची आई आहे, मनात असणारच.

केतकी_बी | दुपारी २:२०
९ पैकी मॅथ्स ६, इंग्लिश लँग्वेज ५, बिझनेस ८, जिऑग्राफी ७, सायन्स ६-६. बोर्ड माहीत नाही, कॉलेजच्या पानावर फक्त कोर्सचं नाव आहे. मॅथ्सचा विचार आम्ही केलाच होता, पण त्या कॉलेजात ए लेव्हल मॅथ्सला ७ लागतो म्हणून विषय सोडून दिला. म्हणून लिहिलं नव्हतं.

मास्तरीण | दुपारी २:५१
म्हणजे मुख्य गोष्ट हीच होती, आणि ती आपण दोन तासांनी ऐकतोय. असो.

दोन्ही विषय एकच नाहीत. काही भाग सामायिक आहे: मागणी-पुरवठा, किमतीची लवचिकता, व्याजदर, विनिमय दर. पण बिझनेसमध्ये तुम्ही कंपनीच्या आत बसून बाहेर बघता. रोख रक्कम पुरेल का, ब्रेक-इव्हन कुठे आहे, नवीन मशीन घेतलं तर पैसे किती वर्षांत सुटतील, माणसं का सोडून जातात. इकॉनॉमिक्समध्ये कंपनी आकृतीतली एक रेघ असते आणि प्रश्न समाजाचा असतो: मक्तेदारी मोडायची का, प्रदूषणाचा खर्च कोणी उचलायचा, महागाई आणि बेरोजगारी यांतलं काय आधी.

गणिताचंही तेच. इकॉनॉमिक्सच्या एकूण गुणांपैकी किमान २० टक्के आकडेमोडीच्या कौशल्यावर असावे लागतात, बिझनेसमध्ये किमान १०. दोन्हीकडे गणित जीसीएसईच्या पातळीचंच असतं, त्यामुळे ६ वाला बुडत नाही. बुडवतो तो निबंध. २५ गुणांच्या उत्तरात पाठ केलेले पाच मुद्दे लिहून भारतातून आलेली मुलं आरामात निम्मे गुण घालवतात, कारण "हे कधी खरं ठरतं आणि कधी नाही" याचं वजन कोणी केलेलंच नसतं. मला त्याच्या मॅथ्सच्या ६ पेक्षा इंग्लिशच्या ५ ची जास्त काळजी वाटते.

आज रात्री एक करा. ७ ऑगस्टची बँक ऑफ इंग्लंडची बातमी त्याला वाचायला द्या. समितीत नऊ सदस्य आहेत. चौघांना व्याजदर पाव टक्का कमी हवा होता, चौघांना आहे तसा ठेवायचा होता, एकाला अर्धा टक्का कमी हवा होता. म्हणून समितीच्या इतिहासात पहिल्यांदाच दुसऱ्यांदा मत घ्यावं लागलं आणि ५ विरुद्ध ४ मतांनी दर ४ टक्क्यांवर आला. महागाईचं लक्ष्य २ टक्के असताना आणि ती त्याच्या वर असताना दर कमी का केला, असं त्याने स्वतःहून विचारलं तर इकॉनॉमिक्स द्या. त्याऐवजी २०२३ मध्ये विल्कोची (घरगुती वस्तूंची साखळी) ४०० दुकानं का बंद पडली यात त्याला जास्त रस वाटला तर तो बिझनेसचा मुलगा. दोन्हीत वाटला तर दोन्ही घ्या, नवऱ्याला चहा द्या.

लंडनकर | दुपारी ३:१५
विल्को! आमच्या हाय स्ट्रीटवरचं गेलं तेव्हापासून साधी बादली घ्यायची तरी ऑनलाइन मागवावी लागते.

सीए_गाडी | दुपारी ३:३०
सगळे पदवीवर अडकलेत. मुलाला बिझनेसमध्ये ८ आहेत, त्याला अकाउंटन्सीच्या अ‍ॅप्रेंटिसशिपला घाला. ए लेव्हलनंतर थेट फर्ममध्ये, पगार चालू, आयसीएईडब्ल्यूचं एसीए (इथलं सीए) नोकरी करतच होतं, कर्ज शून्य. जानेवारी २०२६ पासून लेव्हल ७ चा (म्हणजे याच वरच्या पातळीचा) सरकारी पैसा बहुतेक २१ वर्षांपर्यंतच्या मुलांनाच मिळणार आहे, म्हणजे पदवी करून मग बघू म्हणालात तर गाडी चुकली. माझा भाचा याच वाटेने गेला.

खडूस_क्वांट | दुपारी ३:४१
आणि भाचा १८ व्या वर्षापासून लोकांच्या पावत्या मोजतोय. छान.

सीए_गाडी | दुपारी ३:४४
मोजतोय, आणि तुमच्या बँकेचं ऑडिटही उद्या तोच करेल.

मास्तरीण | दुपारी ४:०५
भांडणं नंतर. ताई, ए लेव्हल मॅथ्स मिळालं नाही तर कॉलेजात कोअर मॅथ्स आहे का विचारा. ए लेव्हलच्या अर्ध्या आकाराचा विषय आहे, ए ग्रेडला यूकासचे (विद्यापीठ प्रवेशाचे) २० पॉइंट, आणि त्यातलं टक्केवारी-आलेख-सांख्यिकी नेमकं इकॉनॉमिक्सला लागतं. एलएसईला ते मॅथ्सच्या जागी चालणार नाही, हे खडूस सांगायच्या आत मीच सांगते. दुसरं म्हणजे ७ ची अट कागदावर असली तरी ६ वाल्यांची सप्टेंबरमध्ये चाचणी घेणारी कॉलेजं आहेत. विचारायला पैसे पडत नाहीत. आणि इकॉनॉमिक्स-बिझनेस एकत्र घेऊ देतात का तेही विचारा, काही ठिकाणी ही जोडी मुळात देतच नाहीत.

झणझणीत | संध्याकाळी ५:२०
अवांतर: जीसीएसईला गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू आहे, मराठी नाही. असतं तर आपल्या पोरांना एक ९ घरबसल्या मिळाला असता.

लंडनकर | संध्याकाळी ५:२८
घरबसल्या? आमच्याकडे "बाबा, मी भूक लागलो" बोलतात. २ मिळेल.

स्कॉटिश_पोहे | संध्याकाळी ५:३३
अवांतरात अवांतर: लंडनला डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला कोण कोण येतंय? १९३२ पासूनचं मंडळ आणि आम्ही अजून एकदाही आलेलो नाही. बँक हॉलिडेनंतर लगेच बुधवारी चतुर्थी आहे, राहावं म्हणतोय.

विसाव्यावरचा | संध्याकाळी ६:४०
केतकीताई, एक विचारू का? तुम्ही यूकेत कधी आलात आणि कोणत्या व्हिसावर आहात?

केतकी_बी | संध्याकाळी ६:५२
त्याचा विषयांशी काय संबंध? कॉलेज फुकट आहे असं त्यांनी सांगितलंय.

विसाव्यावरचा | संध्याकाळी ७:०४
कॉलेज फुकटच आहे. मी पुढचं बघतोय. आमच्याकडे हे कोणी विचारलं नव्हतं म्हणून विचारतोय.

केतकी_बी | रात्री ९:३५
स्किल्ड वर्कर, नवऱ्याचा. नोव्हेंबर २०२२ ला आलो, मुलगा इयर ९ मध्ये बसला.
बँकेची बातमी वाचायला दिली. त्याने विचारलं, तो अर्धा टक्कावाला माणूस दुसऱ्या फेरीत कुणाकडे गेला. मला सांगता आलं नाही. विल्कोबद्दल म्हणाला, ते शाळेत झालंय.

मास्तरीण | रात्री ९:४२
पाव टक्केवाल्यांकडे गेला, म्हणून पाच झाले. इकॉनॉमिक्स द्या हो त्याला.

विसाव्यावरचा | रात्री १०:१५
आता हिशोब बघा. मुलगा सप्टेंबर २०२७ ला विद्यापीठात जाणार. तुमची पाच वर्षं नोव्हेंबर २०२७ ला भरतात. आयएलआरचा (कायम राहण्याच्या परवानगीचा) अर्ज २८ दिवस आधी करता येतो, म्हणजे ऑक्टोबर. होम फी (इथल्या मुलांची कमी फी) मिळण्यासाठी मुलगा कोर्सच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी सेटल्ड (म्हणजे आयएलआर मिळालेला) असावा लागतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या कोर्सला तो दिवस १ सप्टेंबर धरतात. दोन महिन्यांनी हुकताय. यंदाची (२०२५-२६) इंग्लंडमधली होम फी ९,५३५ पौंड आहे. ओव्हरसीज फी बिझनेस आणि इकॉनॉमिक्सला बऱ्याच ठिकाणी २५ हजारांच्या पुढे, आणि स्टुडंट लोनही नाही. नंतर आयएलआर आलं तरी त्या कोर्सची फी कमी होईल या भरवशावर राहू नका.

शिवाय मे महिन्याच्या व्हाइट पेपरमध्ये (सरकारी धोरणपत्रात) पाचाची दहा वर्षं करायचा प्रस्ताव आहे, आधीच आलेल्यांना तो लागू होणार का हे सरकारने अजून ठरवलेलं नाही.

आमच्या मुलीचं असंच तीन महिन्यांनी हुकलं. एक वर्ष थांबून तिने दुकानात काम केलं, पुढच्या वर्षी होम फीवर गेली. ते वर्ष घरात कसं गेलं ते विचारू नका. पण आम्हाला हे इयर १३ च्या (ए लेव्हलच्या शेवटच्या वर्षाच्या) डिसेंबरात कळलं, तुम्हाला दोन वर्षं आधी कळतंय.

सीए_गाडी | रात्री १०:३१
म्हणूनच म्हणतोय! सरकारी पैशाच्या अ‍ॅप्रेंटिसशिपला सेटल्ड असणं लागत नाही. तीन वर्षांचं वास्तव्य आणि काम करायची परवानगी पुरते. कंपन्या वर स्वतःच्या अटी घालतात ते वेगळं, ते प्रत्येकीला विचारावं लागेल.

खडूस_क्वांट | रात्री १०:४०
हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. नाइलाजाने अनुमोदन.

बंडोपंत | रात्री ११:०५
पुण्यात पाठवा. आमच्या इथे कॉमर्सची फी एवढ्या पौंडांत दहा मुलांची होईल, आणि डबा मी देतो.

केतकी_बी | २२ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१०
सगळ्यांचे आभार. सकाळी जाऊन आलो, अडीच तास रांग. तिथे कळलं की जिऑग्राफी आणि इकॉनॉमिक्सचे तास एकाच ब्लॉकमध्ये आहेत, म्हणजे दोन्हीपैकी एकच. काल रात्रीपर्यंत जिऑग्राफीचा प्रश्न कुणीच काढला नव्हता, आणि तोच निघाला. मास्तरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे मॅथ्सचं विचारलं. टेबलावरच्या बाईंनी कुणाला तरी फोन केला आणि ६ वर घेतलं, पण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चाचणी आहे, उन्हाळ्याच्या अभ्यासाचा गठ्ठा आत्ताच दिलाय. चाचणी गेली तर सोशॉलॉजी आणि कोअर मॅथ्स. सध्या नाव असं लागलंय: इकॉनॉमिक्स, बिझनेस, मॅथ्स.

नवरा विषयांबद्दल आता काही बोलत नाहीये. तो सकाळपासून पासपोर्टवरचे शिक्के बघतोय.

विसाव्यावरचा, एक विचारायचं होतं: आम्ही २०२४ ला दीड महिना भारतात होतो, तो काळ धरतात का?

विसाव्यावरचा | संध्याकाळी ६:२५
कुठल्याही १२ महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर नसलात तर आयएलआरला अडचण नाही. दीड महिन्याने काही होत नाही. तारखा मात्र आत्ताच लिहून ठेवा, अर्ज भरताना आठवत नाहीत.

मास्तरीण | संध्याकाळी ६:५०
चाचणीला बहुतेक बीजगणितच असतं: वर्गसमीकरणं, घातांक, करणी. त्या गठ्ठ्यातली पहिली तीन पानं रोज करू दे, बाकी राहिलं तरी चालेल. आणि बोर्ड विचारलंत का?

केतकी_बी | संध्याकाळी ६:५८
अरे देवा. विसरले.

झणझणीत | संध्याकाळी ७:१२
रेडिंगला मोदकाची तांदळाची पिठी कुठे मिळते? इडलीच्या पिठीने मागच्या वर्षी सगळे फुटले.

बंडोपंत | संध्याकाळी ७:३०
म्हणजे बुककीपिंग अजिबातच नाही?