कुत्रा जेवेना म्हणून लगेच खाणं बदलायचं का?

गोचीडशत्रू:
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेला, आमचा बंड्या जेवत नाही हो कुठलं फूड चालू करू, आणि खाली धडाधड ब्रँडची नावं. माझं स्पष्ट मत, खाणं बदलणं ही शेवटची गोष्ट. काल ताट चाटून पुसून खाणारा कुत्रा आज तोंड फिरवतो तेव्हा कंटाळा वगैरे नसतो, बहुतेक वेळा काहीतरी बिघडलेलं असतं. आपल्याकडे तर आधी अंग गरम आहे का, हिरड्या फिक्या दिसतायत का ते बघा, कानाच्या आत आणि बोटांच्या मधे गोचीड शोधा. गोचीड चावून येणाऱ्या तापात जेवण लवकर सुटतं, आणि प्लेटलेट्स खाली आल्यात हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. तुम्ही चिकनवरून लँबवर, म्हणजे मेंढीच्या मटणावर, जाऊन बघताय तोवर चार दिवस गेलेले असतात.

लॅबची_आई:
जेवत नाही हे एकच लक्षण धरून बसलात दादा. आमची लॅब्राडॉर पोटभर जेवायची पण पंजे चाटून चाटून केस तांबूस पडलेले, कान सारखे बिघडायचे, वर्षाचे बाराही महिने. दर वेळी इंजेक्शन, थोडे दिवस बरं, परत खाज सुरू. शेवटी चिकन बंद केलं तेव्हा फरक पडला. शी सतत पातळ, केस निस्तेज, सारखा गॅस, हे बऱ्याचदा खाण्याचंच असतं आणि लोक वर्षानुवर्षं शॅम्पू बदलत बसतात.

गोचीडशत्रू:
ताई, चिकन बंद केलं म्हणजे नक्की काय काय बंद केलं? कारण लोक एका कंपनीचं चिकन सोडून दुसऱ्या कंपनीचं चिकनच आणतात आणि म्हणतात बदलून बघितलं, काही झालं नाही. नीट करायचं तर जे प्रोटीन त्याने कधीच खाल्लं नाही तेवढंच, साधारण ८ आठवडे, मधे बिस्कीट नाही, पोळीचा तुकडा नाही, फ्लेवरवाली जंताची गोळीसुद्धा नाही. आणि मग परत जुनं खाणं देऊन खाज येते का बघायचं, ही पायरी सगळेच गाळतात. त्याशिवाय ॲलर्जी होती की पिसवा गेल्या म्हणून बरं वाटलं, कसं कळणार? फूड ॲलर्जीच्या रक्ततपासणीवर तर पैसेच घालवू नका, ती भरवशाची नाही.

भाकरीवाला:
आमच्या गावाकडं कुत्री भाकरी आन ताक खाऊन म्हातारी होऊन मेली. ही सगळी पाकिटवाल्यांची थेरं.

शेपूटपुराण:
म्हातारी झाली ती आठवतात काका, पिल्लं किती गेली ते कोणी मोजलं नाही. अर्धं तुमचं बरोबर आहे, माणसाबरोबर राहून कुत्र्यांना स्टार्च पचवायची ताकद लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आली, २०१३ साली ते जनुकांवरून दाखवलंय. पण पिल्लू वेगळं. घरचं चांगलं म्हणून नुसतं बोनलेस चिकन आणि भात देतात, त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला, मग हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, पिल्लू लंगडायला लागतं. तिथे थांबून बघू म्हणणं चूक. आणि घाबरून कॅल्शियमचं सिरप ओतायचं हेही नाही, मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्त कॅल्शियमही नडतं. आणखी एक, ग्रेन-फ्री, म्हणजे धान्य नसलेल्या फूडच्या नादाला उगाच लागू नका. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, २०१८ मध्ये हृदयरोगाच्या तक्रारींवरून अशा फूडची चौकशी सुरू केली होती, सिद्ध काही झालं नाही, पण गरज नसताना कशाला?

लॅबची_आई:
आणि जाडेपणाचं काय? लॅबला बरगड्या असतात हेच लोक विसरलेत. हात फिरवल्यावर बरगडी लागत नसेल तर बदल हवाच.

गोचीडशत्रू:
बदल वाटीत करा, म्हणजे माप कमी करा, फूड तेच ठेवा. ४८ लॅब्राडॉरवर आयुष्यभर चाललेला प्रयोग आहे, निम्म्यांना २५ टक्के कमी खायला दिलं, ते जवळपास दोन वर्षं जास्त जगले. फूड सगळ्यांना एकच होतं! नसबंदी झाल्यावर पण गरज कमी होते, वाटी मात्र तीच राहते.

लॅबची_आई:
तुम्ही फारच ताणताय. म्हातारा कुत्रा पाणी जास्त प्यायला लागला, वारंवार शू, वजन उतरतंय, किडनीचा रिपोर्ट खराब, तेव्हा पण वाटीच बदलणार का? तिथे खाणं हेच औषध.

गोचीडशत्रू:
रिपोर्ट आल्यावर बदला की, कोण नाही म्हणतंय! त्याच लक्षणांत डायबेटिस पण असतो आणि दोन्हीचं खाणं वेगळं, म्हणून म्हणतोय आधी तपासा. आणि बदलाल तेव्हा आठवडाभर जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळत, एकदम नको, नाहीतर त्या जुलाबाला पण नवीन फूडच जबाबदार धराल.

भाकरीवाला:
ते ८ आठवड्याचं ठीक हाय, पण तेवढे दिवस आमच्या म्हातारीला कोण आवरणार? कुत्र्याला दूध-पोळी दिल्याबिगर ती सोता जेवत न्हाई.